सीटीस्कॅन नॉर्मल, पण पाण्याचा घोट उतरत नाही: मेंदूच्या देठाचे आजार

पाणवठा

सात महिन्यांपूर्वी दादाला पहाटे जाग आली ती चक्कर येऊनच. खोली गरगर फिरतेय म्हणाला, दोनदा उलटी झाली, आणि मग उचकी लागली ती थांबेचना. तातडीने रुग्णालयात नेलं. हात वर कर म्हणाले, केला. पाय उचल म्हणाले, उचलला. चेहरा वाकडा नव्हता, बोललेलं सगळं समजत होतं, फक्त आवाज घोगरा झाला होता. सीटीस्कॅन नॉर्मल आला. कानाचं दुखणं आहे, त्यात पित्त वाढलंय, असं सांगून गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरी येऊन त्याने पाण्याचा घोट घेतला तर पाणी नाकातून परत आलं, आणि ठसका लागून त्याचा श्वासच अडकला.

दुसऱ्या रुग्णालयात ज्या न्यूरॉलॉजिस्ट बाई भेटल्या त्यांनी एमआरआयच्या आधी एक साधी गोष्ट केली. धातूची एक थंडगार वस्तू त्याच्या दोन्ही गालांना, मग दोन्ही हातांना लावून पाहिली. डाव्या गालाला गार लागत नव्हतं. हाताच्या बाबतीत मात्र उजव्या हाताला लागत नव्हतं. चेहरा डावा आणि अंग उजवं! आम्हाला वाटलं दादा गोंधळलाय. त्या म्हणाल्या, "ते अगदी बरोबर सांगताहेत. हे मेंदूच्या देठात आहे." एमआरआय नंतर झाला. त्यात मेड्युलाच्या डाव्या कडेला रक्तपुरवठा तुटलेला दिसला. या प्रकाराला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून वाचतेय, भेटेल त्याला विचारतेय. मी डॉक्टर नाही, चुकेन तिथे जाणकारांनी जरूर दुरुस्त करावं. पण घरात असं काही घडतं तेव्हा 'मेंदूला मार बसलाय' एवढं एकच वाक्य हातात पडतं आणि माणूस अंधारात चाचपडत राहतो. तसं कुणाचं होऊ नये म्हणून हा धागा.

आधी जागा समजून घेऊ. मोठ्या मेंदूच्या खाली, मज्जारज्जूच्या वर, अंगठ्याएवढ्या जाडीचा, साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीचा देठ असतो. पुस्तकी शब्द मस्तिष्कस्तंभ, डॉक्टर ब्रेनस्टेम म्हणतात. त्याचे तीन भाग. वर मध्यमेंदू: डोळे वर-खाली फिरवणं, पापणी उचलणं, उजेडात बाहुली लहान होणं ही कामं तिथली. मध्ये फुगीर पॉन्स. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ पूल, कारण लहान मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा तिथून जातो. डोळे डावी-उजवीकडे वळवणं आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणं तिथे. खाली मेड्युला: गिळणं, आवाज, जीभ, खोकला, उलटी, श्वासाची लय, रक्तदाब. कवटीतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी दहा या देठाशी जोडलेल्या असतात. वास आणि दृष्टी या दोन तेवढ्या वेगळ्या.

आणि हे सगळं कमी म्हणून की काय, मोठ्या मेंदूकडून हातापायांकडे जाणारे आणि अंगाकडून वर येणारे सगळे मार्ग याच देठातून जातात. मला हे खिंडीवरून समजलं. सपाटीवर दरड कोसळली तर वळसा घालून जाता येतं. खिंडीत कोसळली तर पलीकडची सगळी गावं तुटतात. म्हणूनच मोठ्या मेंदूत ज्या आकाराचा डाग कधी कधी जाणवतही नाही, तेवढ्याच आकाराचा डाग इथे माणसाचं गिळणं बंद करतो.

आता ते 'चेहरा डावा, अंग उजवं' कोडं. हातापायांना हुकूम देणारे तंतू मेड्युलाच्या खालच्या टोकाला बाजू बदलतात. अंगाकडून येणारी गरम-गार आणि दुखण्याची जाणीव त्याच्याही खाली, मज्जारज्जूतच बाजू बदलून वर आलेली असते. चेहऱ्याची जाणीव मात्र आधी त्याच बाजूने मेड्युलात खाली उतरते आणि मग बाजू बदलते. त्यामुळे मेड्युलाच्या डाव्या कडेला घाव बसला की डाव्या चेहऱ्याचे तंतू सापडतात आणि अंगाचे मात्र उजव्या बाजूचे. चेहऱ्यावर एका बाजूला खूण आणि हातापायांत दुसऱ्या बाजूला, ही देठाची सहीच म्हणायची.

या देठाला कोणता आजार गाठेल याची यादी मोठी आहे: रक्ताची गुठळी, रक्तस्राव, गाठ, जंतुसंसर्ग, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला, क्षारांची गडबड, पेशी झिजत जाणं. पण मला सात महिन्यांत एक पक्कं कळलंय. इथे 'काय झालं' याच्याआधी 'कुठे झालं' विचारावं. लक्षणं जागा सांगतात. ती किती वेगाने आली, यावरून कारण शोधता येतं. क्षणात आली तर रक्तवाहिनी. दिवसांत, आठवड्यांत वाढत गेली तर सूज किंवा संसर्ग. महिन्यांत वाढली तर गाठ, वर्षांत वाढली तर झीज. अपवाद असतात, पण सुरुवात इथून करता येते.

तुमचे अनुभव, माहिती लिहा.

कुतूहल

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे. खिंडीचं उदाहरण फार नेमकं. दादा आता कसे आहेत?

पाणवठा

चालतो, डावीकडे तोल जातो म्हणून भिंतीच्या कडेने. डावी पापणी अजून थोडी उतरलेली. गिळणं बरंच सुधारलंय. आंघोळीच्या पाण्यात उजवा हात घालून अंदाज घ्यायचा नाही, डावाच घालायचा, हा घरातला नियम. उजव्याला चटका बसला तरी कळत नाही.

आडवाट

न्यूरॉलॉजीत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पाणवठाताई, तुम्ही शरीररचना चांगली मांडली आहे. फार दुरुस्त करण्यासारखं काही नाही, भर घालतो.

अ‍ॅडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये असा रुग्ण नोंदवला आणि नुसत्या तपासणीवरून मेड्युलातली जागा आणि कोणती धमनी बंद पडली असावी हे लिहून ठेवलं. रुग्ण पुढे वारल्यावर १९०१ मध्ये शवविच्छेदनाचा तपशील प्रसिद्ध केला, तेव्हा अंदाज बरोबर निघाला. स्कॅन नावाची वस्तू जगात नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या त्या डॉक्टर बाईंनी थंड धातूने जे केलं ते याच परंपरेतलं.

दादांना पहिल्या ठिकाणी घरी पाठवलं याचं वाईट वाटतं, पण ही चूक जगभर होते आणि का होते ते सांगतो. लकवा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं (स्ट्रोक), ओळखायची जी खूण लोकांना शिकवली जाते ती म्हणजे चेहरा, हात आणि बोलणं. ती मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्यांसाठी उत्तम आहे. देठाला रक्त मागच्या बाजूने येतं: मानेतल्या दोन व्हर्टिब्रल धमन्या एकत्र होऊन बेसिलर धमनी तयार होते. तिथला अडथळा चक्कर, दुहेरी दिसणं, जड जीभ, गिळता न येणं, तोल जाणं अशा रूपात येतो. हातात ताकद शाबूत असू शकते. म्हणून आता त्या खुणेत तोल आणि डोळे या दोन गोष्टीही जोडतात.

सीटीस्कॅनचा इथे भरवसा नाही. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे त्या भागात चित्र खराब येतं. रक्तस्राव दिसतो, ताजी गुठळी बहुधा दिसत नाही. एमआरआयसुद्धा पहिल्या एक-दोन दिवसांत काहींमध्ये कोरा येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की चक्कर सतत चालू असलेल्या रुग्णाच्या डोळ्यांच्या तीन चाचण्या प्रशिक्षित डॉक्टरने केल्या तर त्या सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा सरस ठरतात. मान पटकन वळवल्यावर नजर टिकते का, बुबुळांची थरथर दिशा बदलते का, एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर-खाली आहे का. यातली पहिली चाचणी ऐकायला उलटी वाटते. सतत चक्कर येत असताना मान वळवल्यावर नजर निसटली तर दोष बहुधा आतल्या कानात. नजर अगदी छान टिकली तर काळजी करायची. या चाचण्या घरी करू नका. कुशी बदलल्यावर काही सेकंद चक्कर येऊन थांबते त्या रुग्णासाठी त्या नाहीतच.

बेसिलर धमनी पूर्ण बंद झाली तर तो लकव्यातला सगळ्यात घातक प्रकार. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत किंवा कायमचे अंथरुणाला खिळतात. इथे अलीकडे मोठा बदल झाला. धमनीतून तार नेऊन गुठळी ओढून काढण्याचा फायदा या धमनीत होतो की नाही यावर आधीच्या चाचण्यांतून निर्णय लागत नव्हता. २०२२ मध्ये चीनमधल्या दोन चाचण्यांनी फायदा स्पष्ट दाखवला: एकीत १२ तासांच्या आतले गंभीर रुग्ण, दुसरीत ६ ते २४ तासांमधले. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तासांची. 'रात्री काय जायचं, सकाळी बघू' यात ती सहज निघून जाते.

चक्कर बहुतेक वेळा कानाचीच असते, हेही खरं. पण चक्करसोबत दुहेरी दिसणं, बोबडं बोलणं, ठसका, चेहऱ्याचा किंवा अंगाचा बधिरपणा, किंवा आधाराशिवाय बसताही न येणं यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही.

चांदणचुरा

आडवाट सर, उचकीवर लिहावंसं वाटलं. माझी उचकी एकोणीस दिवस चालली. सोबत उलट्या. पोटात काही टिकत नव्हतं. दोनदा एंडोस्कोपी झाली, दोन्ही वेळा पोट स्वच्छ. 'मनावर ताण आहे का' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. मग उचकी आपोआप थांबली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पाच आठवड्यांनी दोन्ही पाय बधिर झाले आणि उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं.

निदान झालं न्यूरोमायलायटिस ऑप्टिका: स्वतःचीच प्रतिकारशक्ती डोळ्यांच्या चेतांवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार. मेड्युलाच्या मागच्या बाजूला एरिया पोस्ट्रेमा नावाचा एक कण आहे. रक्तात विष आलंय का हे चाखून पाहणं आणि उलटी घडवणं हे त्याचं काम. त्यासाठी रक्त आणि मेंदू यांच्यामधली संरक्षक भिंत तिथे मुद्दाम विरळ असते. त्याच विरळ जागेतून माझ्याच प्रतिकारशक्तीची अँटिबॉडी आत शिरली. ही अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली. ती अ‍ॅक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाटेवरच्या प्रथिनाला चिकटते हे त्यानंतर कळलं. २०१५ च्या निदानाच्या निकषांत अशी न थांबणारी उचकी किंवा उलटी ही मुख्य लक्षणांपैकी एक धरली आहे. म्हणजे माझा आजार पहिल्या आठवड्यातच स्वतःचं नाव सांगत होता.

ज्यांना कारण न सापडलेली उचकी किंवा उलटी दोन दिवसांहून जास्त चालू आहे आणि पोटाच्या तपासण्या स्वच्छ आहेत, त्यांनी 'मेड्युलाचा एमआरआय आणि अ‍ॅक्वापोरिन अँटिबॉडी करावी का' एवढं डॉक्टरांना विचारावं. वेळेत ओळखलं तर पुढचे झटके रोखणारी औषधं आहेत. आणि याला मल्टिपल स्क्लेरोसिस (प्रतिकारशक्ती चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो वेगळा आजार) समजून उपचार करणं महागात पडू शकतं, कारण त्या आजारातली काही औषधं यात झटके वाढवतात.

पाणवठा

चांदणचुरा, एकोणीस दिवस! दादाची उचकी चार दिवस होती आणि तेवढ्यात तो रडकुंडीला आला होता. तुमचा प्रतिसाद मी धाग्याच्या वर आणून ठेवायची विनंती संपादकांना करणार आहे.

स्वरयंत्र

गिळण्याच्या आणि वाचेच्या उपचारांत काम करते. ठसका लागतो तो रुग्ण मला कमी घाबरवतो. जो अजिबात ठसकत नाही त्याची मला जास्त काळजी. मेड्युलाच्या घावात घशाची जाणीवच गेलेली असू शकते. पाणी, लाळ हळूहळू फुप्फुसात उतरत राहते आणि खोकला येतच नाही. घरचे म्हणतात, "छान गिळतोय." चार दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया. म्हणून देठाच्या लकव्यानंतर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका, औषधाची गोळीसुद्धा नाही. नाकातून दुर्बीण घालून किंवा एक्स-रेच्या चलतचित्रावर गिळणं प्रत्यक्ष बघता येतं.

सगळ्यात अवघड पदार्थ कोणता? पाणी. ते घशात फार वेगाने धावतं, आणि श्वासनलिकेचं दार मिटायला त्या स्नायूंना उशीर होतो. घट्टसर द्रव हळू सरकतो, म्हणून पाणी घट्ट करून देतात. वॉलेनबर्गमध्ये घशाची एक बाजू लुळी पडते आणि अन्ननलिकेच्या तोंडाची झडप नीट उघडत नाही. अशा वेळी मान दुबळ्या बाजूला वळवून गिळलं तर ती बाजू दाबली जाते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. पण प्रत्येकाला हीच युक्ती लागू पडत नाही, तपासणीत बघूनच ठरवावी लागते.

एक फुकटातलं काम: तोंड स्वच्छ ठेवणं, नाकात नळी असली तरीही. फुप्फुसात उतरणाऱ्या लाळेत जंतू जितके कमी तितका न्यूमोनियाचा धोका कमी. नळी आहे, तोंडाने काही घेत नाही, मग दात कशाला घासायचे, असं समजून हे राहून जातं.

खिडकी

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या नवऱ्याची बेसिलर धमनी बंद झाली. पॉन्सचा पुढचा भाग गेला. आयसीयूत तीन आठवडे मी त्याच्या शेजारी बसून त्याच्याबद्दल इतरांशी बोलत होते. त्याच्याशी नाही. कोमा आहे असंच सगळे धरून चालले होते. एका रात्री एका तरुण डॉक्टरने त्याच्या कानाशी सांगितलं, "ऐकू येत असेल तर वर बघा." त्याने वर बघितलं. "खाली बघा." बघितलं.

याला लॉक्ड-इन सिंड्रोम म्हणतात. हे नाव १९६६ मध्ये फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर यांनी दिलं. पॉन्सच्या पुढच्या भागातून हुकूम घेऊन जाणारे सगळे तंतू तुटतात, म्हणून हात, पाय, जीभ, चेहरा काही हलत नाही. डोळे बाजूला वळत नाहीत. पण जागं ठेवणारी यंत्रणा मागच्या बाजूला आणि वर असते, ती वाचते. डोळे वर-खाली करण्याची जागा मध्यमेंदूत, तीही वाचते. माणूस पूर्ण जागा, पूर्ण शहाणा, सगळं ऐकणारा, आणि बाहेर यायला दार एवढंच.

रुग्णालयात जो अक्षरतक्ता मिळाला तो इंग्रजीत होता. मी आपल्या वर्णमालेचा केला आणि तो किती सोपा निघाला! आपली अक्षरं मुळातच वर्गवार लावलेली आहेत. मी म्हणते: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, य-र-ल-व, उरलेली. हव्या त्या ओळीला तो वर बघतो. मग त्या ओळीतलं अक्षर. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार. जोडाक्षराचं ओझं नको म्हणून आम्ही ती फोडून घेतो. शब्द अर्धा झाला की मी अंदाज सांगते, पण आधी विचारते, "सांगू?" त्याचं वाक्य परस्पर पूर्ण केलेलं त्याला आवडत नाही.

त्याचं पहिलं वाक्य होतं: पंखा बंद. तीन आठवडे वारा थेट उघड्या डोळ्यांवर येत होता आणि त्याला पापणी नीट मिटता येत नव्हती. बुबुळावरचा पडदा कोरडा पडून जखम झाली होती.

आता तो डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकावर लिहितो. उजव्या हाताचं एक बोट थोडं हलतं. देठाच्या घावाने पडून असलेल्या कुणाच्याही जवळ असाल तर ही वर-खालीची परीक्षा एकदा नाही, रोज घ्या. वेगवेगळ्या वेळी घ्या. झोपेत असताना एकदा उत्तर आलं नाही म्हणून सोडू नका.

रात्रपाळी

खिडकीताई, तुमचा तक्ता आमच्या आयसीयूत लावणार आहे. मी परिचारिका आहे. आमच्याकडे शिकवतात तरी राहून जातं: रुग्णाजवळ उभं राहून त्याच्याबद्दल बोलायचं नाही.

मला सोडियमबद्दल लिहायचंय, कारण नातेवाईक यावरून आमच्याशी भांडतात. सोडियम ११० वर आलंय, मग एका दिवसात १४० का करत नाही? कारण ते पॉन्सला सोसत नाही. रक्तातलं सोडियम बरेच दिवस कमी राहिलं की मेंदूच्या पेशी आपल्यातले विरघळलेले पदार्थ बाहेर टाकून त्या पातळीशी जुळवून घेतात. मग सलाइनने ते एकदम वर नेलं तर पेशींमधलं पाणी ओढलं जातं आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण उतरतं. पॉन्सच्या मध्यभागी हे सगळ्यात जास्त होतं. १९५९ मध्ये अ‍ॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी मद्यपी आणि कुपोषित रुग्णांत हा आजार वर्णिला. सोडियम वेगाने वाढवण्याशी त्याचा संबंध आहे, हे पुढे सुमारे दोन दशकांनी स्पष्ट झालं. म्हणून धोका जास्त असलेल्या रुग्णात २४ तासांत ८ मिलिमोलच्या पुढे जायचं नाही असं आम्ही पाळतो. यकृताचा आजार, दारू, कुपोषण, पोटॅशियम कमी, ही सगळी धोक्याची मंडळी.

यात फसवं असं की सोडियम वाढलं की रुग्ण आधी छान शुद्धीवर येतो. घरचे खूश. बोलणं जड होणं, गिळता न येणं, हातपाय गळणं हे दोन ते सहा दिवसांनी सुरू होतं. रात्री दोन-दोन तासांनी रक्त काढतो म्हणून चिडू नका, एवढंच सांगायचं होतं.

उंबरठा

वडील गेलं वर्षभर मागच्या मागे पडतात. जिना उतरताना पायरी दिसत नाही म्हणतात. चष्मा तीनदा बदलला. पार्किन्सनच्या गोळ्यांनी फरक नाही. आता पीएसपी सांगितलंय. हे देठातच मोडतं का?

आडवाट

हो, बऱ्याच अंशी. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये वर्णिलेला आजार. टाऊ नावाचं प्रथिन साचून मध्यमेंदू आणि आसपासच्या पेशी झिजतात. डोळे वर-खाली फिरवण्याची जागा मध्यमेंदूत असते हे वर आलंच आहे. त्यामुळे वडिलांचे डोळे शाबूत असून नजर खाली वळत नाही. चष्म्याच्या नंबरात दोष नाही, विशेषतः खालच्या भागातून वाचायचा चष्मा असेल तर तो त्यांना निरुपयोगी. वाचायला वेगळा चष्मा द्या आणि पुस्तक डोळ्यांच्या पातळीवर धरा. जिन्यावर प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा आणि उतरताना तुम्ही पुढे राहा. आजार थांबवणारं औषध आज नाही. पडणं आणि ठसका हे दोन शत्रू, सगळी शक्ती तिथे लावा. स्वरयंत्र यांनी लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे.

कुतूहल

बाळबोध प्रश्न आहे. कोमा, लॉक्ड-इन आणि ब्रेनस्टेम डेथ यात नेमका फरक काय? आणि लहान मुलांच्या देठातल्या गाठीबद्दल कुणी लिहील का? ओळखीत एका कुटुंबावर ही वेळ आली आहे. काय बोलावं कळत नाही.

आडवाट

बाळबोध नाही, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारायलाच हवा.

देठाच्या गाभ्यात पेशींचं एक जाळं आहे जे मोठ्या मेंदूला जागं ठेवतं. ते बंद पडलं की कोमा: डोळे मिटलेले, हाक मारून जाग नाही. काही वेळा हे जाळं सावरतं पण मोठा मेंदू सावरत नाही. तेव्हा डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्र चालतं, पण समज दिसत नाही. लॉक्ड-इन याच्या उलट: समज पूर्ण, हालचाल नाही. ब्रेनस्टेम डेथमध्ये देठाचं प्रत्येक काम कायमचं थांबलेलं असतं. बाहुली उजेडाला हलत नाही, बुबुळाला कापूस लावला तरी पापणी मिटत नाही, श्वासनलिकेत नळी फिरवली तरी खोकला नाही. शेवटी व्हेंटिलेटरचे श्वास थांबवून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड साधारण ६० मिलिमीटरच्या वर जाऊ देतात. जिवंत मेड्युला एवढ्या हाकेला श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. फ्रान्समध्ये मोलारे आणि गुलों यांनी ही अवस्था १९५९ मध्ये वर्णिली. हृदय स्वतःच्या लयीवर काही काळ चालत राहतं, छाती यंत्राने हलते, अंग कोमट असतं. म्हणून विश्वास बसणं इतकं कठीण जातं. पण कोमातून माणूस परतू शकतो, यातून नाही. औषधांचा अंमल, शरीर गार पडलेलं असणं, क्षारांची गडबड या गोष्टी आधी वगळल्याशिवाय ही तपासणी सुरूही करायची नसते, आणि हे आपण डॉक्टरांना विचारू शकता.

गाठीबद्दल. मुलांमध्ये पॉन्सभर पसरणारी एक ग्लायोमा (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची गाठ) असते, बहुधा पाच ते दहा वर्षांच्या आसपासच्या वयात. डोळा तिरळा होणं, तोल जाणं, चेहरा एका बाजूला ढिला पडणं ही लक्षणं काही आठवड्यांत येतात. ती पॉन्सच्या तंतूंमध्ये विणल्यासारखी असते, त्यामुळे कापून काढता येत नाही. किरणोपचाराने काही महिने आराम पडतो. नील आर्मस्ट्राँग यांची लहान मुलगी कॅरन हिला हाच आजार होता. तीन वर्षांचीही झाली नव्हती, जानेवारी १९६२ मध्ये गेली. पुढची कित्येक दशकं या आजारात फारसं काही बदललं नाही. २०१२ मध्ये यातल्या बहुतेक गाठींमध्ये हिस्टोनच्या (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या) जनुकातला एक विशिष्ट बदल सापडला, तेव्हापासून औषधांच्या चाचण्यांना दिशा मिळाली. देठातली प्रत्येक गाठ अशी नसते, हेही लक्षात असू द्या. काही हळू वाढणाऱ्या, कडेला असणाऱ्या गाठींवर शस्त्रक्रिया होते.

त्या कुटुंबाला काय बोलावं? बोलू नका फार. जाऊन बसा.

जुनी_वही

मेड्युला या शब्दावरून कोपनहेगन आठवलं. १९५२ ची पोलिओची साथ. त्या वर्षी पोलिओ मेड्युलावर उतरत होता, मुलांना गिळता येत नव्हतं, श्वास घेता येत नव्हता. ब्लेगडॅम रुग्णालयात सुरुवातीच्या आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यातून छेद द्यायला लावला, नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. ती वाचली. मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. आजचं आयसीयू तिथून सुरू झालं. खिडकीताई, तुमच्या पतींना जो पहिला श्वास यंत्राने मिळाला त्याचं मूळ त्या विद्यार्थ्यांच्या हातांत आहे.

पाणवठा

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाने पूर्ण धागा वाचला. त्याला स्वतः लिहायचंय, माझ्याच खात्यावरून लिहितोय.

नमस्कार. मी तो दादा. बहिणीने लिहिलंय ते बरोबर आहे, एक गोष्ट तिलाही माहीत नाही. त्या पहाटे चक्कर येण्याच्या आधी मला खोली आडवी झालेली दिसली. फिरत नव्हती. स्वच्छ, स्थिर आणि आडवी. छत डावीकडे, भिंतीच्या जागी. दार जमिनीवर निजवल्यासारखं. मी कुणाला सांगितलं नाही, वेड लागलं म्हणतील असं वाटलं. पुढे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "खोली कधी आडवी दिसली होती का?" तेव्हा पहिल्यांदा बोललो. देठाच्या लकव्यात असं होतं म्हणे. कानाकडून येणारी वर-खालीची खबर आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांचा मेळ तुटतो. आडवाट सर, हे डॉक्टरांच्या प्रश्नांत असतं का? माझ्या बाबतीत चार-पाच मिनिटं टिकलं. मग छत सरकत सरकत जागेवर गेलं, आणि उचकी सुरू झाली.